बादलीतलं घड्याळ

"पायांना चिमटा काढला तरी त्याला कळत नाही, साहेब," ताई म्हणाली. "आणि सगळे म्हणतात, कुणाचीच चूक नाही."

भिंगांनी वही उघडली. गुप्तहेराच्या धंद्यात त्यांना हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते त्यांना शोभत असे. शेजारी मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते भिंगांच्या मागेमागे हिंडत आणि दर वेळी इमानेइतबारे भलत्याच माणसावर संशय घेत.

ताईचा धाकटा भाऊ पाणबुड्या. पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात कसं उतरायचं, हे तो हौशी लोकांना शिकवायचा. परवा तो कामावरून आपल्या पायांनी घरी आला. खांदा ठणकत होता, अंगाला खाज सुटली होती, पायांना मुंग्या येत होत्या. थकलोय म्हणून झोपला, आणि सकाळी पाय हलेनात.

"खोल पाण्यातून घाईने वर आलं की असं होतं, एवढं मलाही ठाऊक आहे," ताई म्हणाली. "त्यावर दाबाच्या खोलीत ठेवतात. पण हा म्हणतो, मी उथळातच होतो. त्याचं घड्याळही तेच सांगतं. म्हणून डॉक्टर मणका तपासत बसलेत. खरं कळलं तर निदान योग्य उपचार होतील हो."

पाणबुड्यांचं घड्याळ वेळेपुरतं नसतं. माणूस किती खोल गेला, अंगात किती वायू साठला, कितपत जपून वर यायचं, सगळं ते सांभाळतं. सगळं ठीक असलं की हिरवं दिसतं.

पहिली भेट तो जिथे शिकवायचा त्या दुकानाच्या मालकाची. दुकानभर ओल्या रबराचा वास होता.

"मी त्या दिवशी परगावी होतो," मालक म्हणाला. "उथळ खाडीबाहेर जायचं नाही, अशी ताकीद होती. गेलेला आणि पाठवणारा, दोघांनाही घरी बसवलं असतं."

टेबलावर एक घड्याळ पडलं होतं. "हे कुणाचं?" भिंगांनी विचारलं.

"त्याच्या मेहुण्याचं. दोघं जोडीनेच पाण्यात उतरतात. बिघडलंय ते, बंद होऊन बसलंय."

"एरवी कधी बंद होतं?"

"माणसाने मर्यादा मोडली तर. पण हा दिवसभर नवशिक्यांबरोबर उथळात. बिघडलंच असणार."

भिंगांनी ते मास्तरांच्या मनगटावर चढवलं. पट्ट्याला शेवटच्या भोकापाशी वापरून वळी पडली होती. मास्तरांच्या जाडजूड मनगटावर तिथेच ते बरोबर बसलं. मास्तर खूश झाले.

"माणूस लबाड वाटतो," बाहेर पडल्यावर ते म्हणाले.

"तुम्हाला सगळेच मालक लबाड वाटतात."

पाणबुड्याची बायको इस्पितळाच्या बाकावर बसली होती. नवऱ्याचं घड्याळ तिच्या पर्समध्ये होतं. भिंगांनी तेही मास्तरांच्या हातावर चढवायला घेतलं. याच्या पट्ट्याची वळी पार आतल्या भोकापाशी होती. तिथे ते काही केल्या लागेना.

"यांचं मनगट तुमच्यासारखंच आहे," ती मास्तरांना म्हणाली.

"त्या संध्याकाळी डॉक्टरकडे का नाही गेलात?" भिंगांनी विचारलं.

"मी चपला घातल्या होत्या हो. म्हटलं, आधी माझ्या भावाला विचारावं, तोही याच कामातला. तो म्हणाला, घड्याळ बघ, हिरवं आहे ना, मग झोपू दे त्यांना. मी बघितलं. हिरवं होतं."

मेहुणा धक्क्यावर सामान धूत होता. काडीसारखा माणूस. समोर गोड्या पाण्याची मोठी बादली होती, आणि बोटीवर शेवाळलेला जुना नांगर. नांगराचा दोर मात्र कोराकरकरीत होता.

"दोर कधी बदलला?"

"परवाच, सकाळी."

"प्रत्येक बुडीनंतर सगळं या बादलीत धुता?"

"हो. मीठ चढतं ना. पुढच्या बुडीला यातूनच उचलायचं."

"तुमचं घड्याळ कधी बिघडलं?"

"दुपारी. पाण्यात उतरलो तोच केकाटायला लागलं."

"आणि तुमचे भाऊजी सकाळी कुठे होते?"

"उथळात. माझ्याबरोबर." हे तो बादलीकडे बघत म्हणाला.

संध्याकाळी भिंगांनी सगळ्यांना रुग्णाच्या खोलीत बोलावलं. पाणबुड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"घड्याळं दोन, दिसायला अगदी सारखी," भिंग म्हणाले. "पण बारीक मनगटाचं निघालं यांच्या बायकोपाशी आणि जाड मनगटाचं मेहुण्याचं म्हणून मालकाच्या टेबलावर. बादलीतून उचलताना अदलाबदल झाली. मेहुणा उथळातच होता, म्हणून त्याचं घड्याळ हिरवं. जे बंद पडलं ते बिघडलेलं नाही, ते यांचं आहे. आत्ताच मालकाकडून त्यातली नोंद बघून आलो. सकाळी हे फार खोल गेले होते आणि घाईने वर आले. तळाशी काय होतं, ते नव्या दोरावरून कळतं. खाडीबाहेर जुना दोर तुटून नांगर बुडाला होता."

"दोर वेळेवर बदलायचं काम माझं होतं," मेहुणा म्हणाला. "मालक यायच्या आत नांगर काढायला हवा होता. भाऊजी म्हणाले, मी जातो."

"सकाळी घड्याळ ओरडलं, तेव्हा हे घाबरले असतील. दुपारी दुसरं हातात आलं, ते हिरवं. यांना वाटलं, निभावलं. तसेच दिवसभर नवशिक्यांबरोबर खालीवर करत राहिले. पुढे मेहुण्याची नोकरी जाऊ नये म्हणून खोल गेल्याचं बोललेच नाहीत. इथवर सगळ्या चुकाच आहेत." भिंग मेहुण्याकडे वळले. "पण बहिणीचा फोन आला तेव्हा तुम्हाला कळलं होतं, की केकाटणारं घड्याळ कुणाचं."

मेहुण्याने मान खाली घातली. त्याची बहीण त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

"घड्याळ काही का म्हणेना," डॉक्टरीणबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "हिरवं असूनही होतं असं. पाण्यातून आल्यावर सांधे दुखले, मुंग्या आल्या की तेव्हाच आमच्याकडे यायचं, निदान फोन तरी करायचा. त्या संध्याकाळी आले असते, तर बहुतेक चालत घरी गेले असते."

"आणि आता?" ताईने विचारलं.

"दाबाच्या खोलीत ठेवू, आजच. पण मोठी आशा धरू नका."

रहस्य उलगडलं की बरं वाटतं, असा मास्तरांचा आजवरचा अनुभव होता. आज काही बरं वाटलं नाही.

रुग्णाने तोंड वळवलं. "तुला कळलं होतं?" त्याने मेहुण्याला विचारलं.

"हो, भाऊजी."

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "ताई, माझ्या पायांवर पांघरूण आहे का गं?"

पांघरूण होतं. मेहुण्यानेच मघाशी घातलं होतं.

"आहे," ताई म्हणाली.