मोहरीहून लहान दात

"खिसे उलटे करा! सगळ्यांनी!" संग्रहालयाचे प्रमुख कडाडले.

दादाच्या खिशातून गोट्या निघाल्या, त्याच्या मित्राच्या, बडबड्याच्या, खिशातून अर्धं बिस्किट, आणि धाकट्या चिमणीच्या खिशाला तर भोकच! दात मात्र कुणाकडेच नव्हता.

आणि तो काही साधासुधा दात नव्हे बरं! टार्सियर म्हणून माकडाचं एक इवलंसं भावंड असतं. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा! त्याच्या पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खापरपणजोबाचा हा दगड झालेला दात. दादा-चिमणीची मावशी इथे जीवाश्म साफ करायची. चार महिने वाळू चाळून तिने तो शोधला होता. चिमट्यातून निसटेल म्हणून टाचणीच्या डोक्यावर मेणाने बसवला होता. सकाळी ती टाचणी टेबलावर होती, आता गायब!

"सुट्टी आहे म्हणून मुलांना इथे आणायचं? संध्याकाळपर्यंत दात मिळाला नाही, तर उद्यापासून येऊ नका," प्रमुख मावशीला म्हणाले.

मावशी वाकून पुन्हा टेबलाखाली शोधू लागली. तिचा उतरलेला चेहरा बघून दोन्ही भाचरं तिच्याजवळ सरकली.

तिघांची रवानगी बाहेर झाली. तिघांना आत पाहून प्रमुखांनी सकाळीच दाराजवळच्या फलकावर सूचना लावली होती : 'मुलांना आत येण्यास सक्त मनाई.'

"आपण कशाला हातसुद्धा लावला नाही!" दादा चिडला.

"मी तर श्वासही हळू घेतला," बडबड्या म्हणाला.

"तू? आणि हळू?"

चिमणी सूचनेला नाक लावून उभी होती. "दादा, तीन टाचण्यांची डोकी चकचकीत आहेत. चौथीवर हा पिवळा गोळा कसला?"

"अगं, मेण!"

बडबड्या टाचणी उपटायला धावला. दादाने त्याचा हात घट्ट धरला. "थांब, फुटेल! मावशीला बोलव, पळ!"

मावशी भिंग घेऊन धावत आली, मागोमाग प्रमुख. अंगठ्याने दाबून मेण चपटं झालं होतं. दात त्यात रुतून बसला होता. कडेचा एक टवका तेवढा उडाला होता.

"सूचना लावताना टाचणी कमी पडली... टेबलावर दिसली ती मीच उचलली," प्रमुख पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "शाबास पोरांनो! काय नजर आहे!"

"शाबासकी राहू द्या, काका," चिमणीचा आवाज कापत होता. "मावशीला बोललात ते आधी मागे घ्या."

प्रमुखांचे कान लाल झाले. "चुकलो मी. माफ करा," ते मावशीला म्हणाले. त्यांनी नोंदवही उघडली आणि टवका उडाल्याची नोंद करून तिच्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

मावशीने चिमणीला जवळ ओढलं आणि इतका वेळ आवरलेलं चिमणीचं रडू फुटलं.