गुरुवारची सुट्टी

“अहो… अहो, नदीत पाय दिलात तुम्ही!”

प्रितम दचकून जागच्या जागी थबकला. थेरगावातल्या त्या शाळेच्या वरच्या हॉलमध्ये नदी म्हणून अंथरलेली निळी ओढणी त्याच्या बुटाखाली होती, आणि वीस मुलं डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होती. ओरडली होती आम्रपाली, शाळेत दर गुरुवारी नाटकाचा तास घेणारी ताई. स्पर्धेसाठी नाटक बसवायचं नव्हतंच तिला. जी मुलं गप्प झालीत, उगाच चिडतात, कोपऱ्यात बसून रडतात, त्यांना खेळता खेळता मनातलं बाहेर काढता यावं, एवढ्यासाठी तो तास होता.

दुसरा कुणी असता तर ‘सॉरी’ म्हणून मागे सरला असता. या पठ्ठ्यानं शांतपणे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विचारलं, “पाणी किती खोल आहे, मॅडम?”

मुलं खदखदून हसली. आम्रपालीही हसली, आणि आपण जरा जास्तच हसलो असं वाटून तिनं उगाच हजेरीचा कागद चाळला.

तो पूनमचा काका निघाला. पूनम दहा वर्षांची. वर्षापूर्वी आई गेली तेव्हापासून शाळेत एक अक्षर बोललेली नव्हती. वडील रणजीत चाकणच्या कंपनीत, ओव्हरटाइममागून ओव्हरटाइम घेणारे. प्रितम तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात तयार माल तपासायचा, आणि तिथे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मग काय, दर गुरुवारी स्वारी पूनमचं बोट धरून हजर! कधी झाड झाला, कधी दरवाजा, कधी अस्वल.

“अस्वल फार छान करता हो तुम्ही,” एकदा आम्रपाली म्हणाली.

“करत नाही मॅडम, मुळातच आहे. आई तर रोज म्हणते.”

“मग आईंना भेटायलाच हवं एकदा…” ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली. प्रितम मात्र दिवसभर त्या वाक्यावर खूश होता.

तासाचा एक नियम होता. खेळ संपला की भूमिका उतरवायची. खांद्यांवरून हात झटकायचे आणि मोठ्यानं सांगायचं, ‘मी अस्वल नाही, मी प्रितम.’ तसं केलं नाही तर खेळातला राग, खेळातली भीती मुलं घरी घेऊन जातात. आम्रपाली या नियमाला फार जपायची.

श्रावणातल्या एका गुरुवारी खेळ मांडायची पाळी पूनमची आली. खिडकीबाहेर ऊन-पाऊस चालला होता. पूनमनं काकाच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि त्याला दाराशी नेऊन उभं केलं. कोण व्हायचंय ते प्रितमला न सांगता कळलं.

“ओव्हरटाइम आहे गं,” तो पाठमोरा होत म्हणाला, “नंतर बोलू.”

“थांबा,” पूनम म्हणाली.

वर्षभरानंतर… पहिला शब्द! आम्रपालीचे डोळे भरून आले. प्रितमनं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर काही अस्वलाची नव्हती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक कंपनीनं अख्खा माल परत पाठवला होता, त्यांचं काम ठप्प, आणि तो माल तपासला होता प्रितमनं.

“मॅडम, जावं लागतंय…” म्हणत तो डब्यासकट जिना उतरूनही गेला. आम्रपालीनं त्याला हाक मारायला हवी होती. पण ती त्या नजरेतच अडकून दाराकडे बघत राहिली. भानावर आली तेव्हा पूनम भिंतीकडे तोंड करून बसली होती.

पुढच्या गुरुवारी पूनम आलीच नाही. मुख्याध्यापिका सुमनताईंनी आम्रपालीला बोलावून घेतलं. “पोरगी धड जेवत नाहीये म्हणे. मला पालकांना उत्तर द्यावं लागतं, आम्रपाली. हा तास बंद करायचा का?”

“एक गुरुवार द्या मला,” आम्रपाली कशीबशी म्हणाली.

संध्याकाळी तिनं प्रितमला फोन लावला. “तुम्ही भूमिका न उतरवता गेलात. तिच्या लेखी तिचे बाबाच पुन्हा निघून गेले.”

“चुकलं माझं.”

“माझं जास्त चुकलं. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं.”

“मग का नाही थांबवलंत?”

“तुम्ही आता येऊ नका,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आणि मग खूप रडली.

तिनं मागून घेतलेला गुरुवार उजाडला. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि जिन्यात पावलं वाजली. दारात पूनम होती. तिच्यामागे कंपनीच्या गणवेशातला एक अवघडलेला माणूस, रणजीत.

“प्रितमनं पोरीला समजावलं, ताई. मी काकाच हाय, बाबा न्हाई, म्हणून. तर ही म्हणते कशी, ते मला माहितीये, मग खऱ्या बाबांना आणा! रजा टाकून आलोय. मला नाटक-बिटक काय जमत न्हाई, आधीच सांगतो.”

पूनमनं त्याच्या हातात डबा दिला.

“ओव्हरटाइम हाय गं पूनम… नंतर…”

“थांबा.”

तो थांबला. डबा खाली ठेवून मटकन फरशीवर बसला. “तुझ्या आईची लई आठवण येते घरात. म्हणून पळतो गं मी.”

“मला पण येते,” पूनम म्हणाली आणि त्याच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडायला लागली. दारात उभ्या असलेल्या सुमनताईंनी चष्मा पुसला. “तास चालू ठेवा,” त्या म्हणाल्या आणि लगबगीनं निघून गेल्या.

बापलेकींनी भूमिका उतरवल्या, मुलं घरी निघाली, तेव्हा आम्रपाली जिन्यात आली. खालच्या पायरीवर प्रितम बसला होता.

“मी आत आलो नाही हां,” तो चटकन उठत म्हणाला. “जिना काही तुमच्या हद्दीत येत नाही.”

“बसा,” ती म्हणाली आणि एक पायरी सोडून स्वतःही बसली. “त्या दिवशी फोनवर विचारलंत ना, का नाही थांबवलं म्हणून. तुम्ही हॉलमध्ये असलात की माझं लक्ष मुलांवर राहत नाही. तुमच्यावर राहतं. ते मुलांना परवडणारं नाही. म्हणून… हॉलमध्ये तुम्ही नकोत मला.”

प्रितमचे कान लाल झाले. “आणि हॉलच्या बाहेर?”

“बाहेर… बाहेर हवेत.”

खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत गेली. दोघंही तिच्याकडे अशी बघत बसली, जणू आयुष्यात रिक्षा पाहिलीच नव्हती.

“पण माझी सुट्टी गुरुवारी,” तो म्हणाला. “तुमची रविवारी.”

“रविवारी पहिली शिफ्ट असते ना? सुटते किती वाजता?”

“साडेतीनला.”

“मग साडेतीनला गेटवर येते.”

“कंपनीच्या गेटवर? अहो मॅडम, अख्खी शिफ्ट बघेल!”

“बघू दे. आणि ते मॅडम पुरे झालं. मला नाव आहे.”

प्रितमनं घसा खाकरला. मग अगदी हळू म्हणाला, “आम्रपाली.”

“पुन्हा म्हणा.”

“का? ऐकू आलं नाही?”

“आलं,” ती म्हणाली. “म्हणूनच.”