मोहाच्या वाटेची बातमी

"पत्रकारितेले नाई जात मी, माय! मुंबईले लेखनाचा नवा कोर्स निघाला, तिथी जातो. रेडिओची नाटकं लिहाची, गोष्टी लिहाच्या... कोनाचं खरं नाव नाई, कोनाच्या पोटावर पाय नाई."

भात वाढता वाढता ठमाबाईचा हात थबकला. सिंदेवाहीच्या कॉलेजातून पोरगी आत्ता कुठे घरी आली, आणि पहिल्या घासालाच हे! नागपूरच्या पत्रकारितेच्या प्रवेशयादीत जिचं नाव लागलं, ती वच्छलाच मागे फिरत होती... ज्या एका गोष्टीसाठी ठमाबाईने वर्षभर काळजावर धोंडा ठेवला, तीच मातीत चालली होती!

गेल्या उन्हाळ्यात वच्छलेने चंद्रपूरच्या एका पेपरात बिननावाची बातमी दिली होती. मोहाची फुलं वेचायला जंगलात शिरणाऱ्या प्रत्येक बाईकडून जंगलखात्याच्या नाक्यावरचा गार्ड टोपलंभर मोह काढून घेतो, अशी. शब्द न् शब्द खरा! गार्डाची बदली झाली... आणि नव्या गार्डाने ती वाटच बंद करून टाकली; सगळ्यांनाच लांबचा फेरा पडला. जुना घेत होता, पण आत तरी सोडत होता! बाया पेटल्या. "पेपरवाल्याले सांगतलं कोनं?" तेव्हा पदर खोचून ठमाबाई म्हणाली होती, "मी सांगतलं. काय करता?"

तेव्हापासून पहाटे मोहाला निघताना तिच्या दाराशी कोणी हाक मारली नाही. अस्वलाच्या भीतीने जिथे बाया घोळक्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, तिथे यंदाचा सगळा मोह त्या अभिमानी बाईने लांबच्या वाटेने एकटीने वेचला. वाट बंद झाल्याचं तेवढं वच्छलेच्या कानावर आलं होतं; आईने आळ अंगावर घेतल्याचं अक्षरही तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेळी शोधत शेजारची मीराबाई दारात आली. "आली का पोरगी? शिकवा बाई, शिकवा! मायनं पेपरवाल्याजवळ चुगली केली, आता लेक पेपरातच बसते म्हणे!"

"मायनं?" वच्छला ताटावरून उठली. "काकू, ते त मी लिहिलं होतं!"

"तोंड बंद ठेव, वच्छले!" ठमाबाई कडाडली. पण उशीर झाला होता...

वच्छलेने आईचे पाय धरले. "माय... मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय होणार होतं? खरं लिहाचं सोडलं असतं तू. न सांगता बी सोडूनच राह्यली ना!"

मीराबाईची मान खाली गेली. "चुकलं आमचं, ठमाबाई. पुढच्या मोहाले हाक मारतो..."

"काही गरज नाई. माहे पाय शाबूत आहेत. तुही शेळी तिकडं वाडीत शिरली, जाय."

ती गेल्यावर वच्छला डोळे पुसत म्हणाली, "मी नागपूरलेच जातो, माय."

ठमाबाईच्या अंतःकरणात काहीतरी हललं. पण वर्षभर गिळलेलं कडू आधी ओठांवर आलं.

"जाय. पण खरं लिहिलं म्हणून फुगू नको. वाट बंद झाली त बाया खातीन काय, हे तू कोनाले इचारलं होतं? मले बी नाई इचारलं. आता लिहिशीन त पहिले इथी येऊन बस, बायाईच्या शिव्या खाय... मग लिह. जेव आता, भात थंडा झाला."

वच्छला जेवायला बसली. ठमाबाईने तिच्या ताटात आणखी पळीभर भात वाढला.