सोजरबाईचं हसणं

"हसतेस काय वहिनी? तुझा सख्खा भाऊ असा पडला असता, तर हसली असतीस?"

नवनाथच्या त्या शब्दांसरशी सोजरबाईनं हातातली पेजेची वाटी खाटेशेजारी ठेवली... तरीही ओठांवरचं हसू तिनं पुसलं जाऊ दिलं नाही. पुसलं असतं, तर त्यामागची भीती त्याला दिसली असती!

चाकणच्या कंपनीत कामाला असलेला हा धाकटा दीर बायपास होऊन घरी आला होता. टाक्यांची जखम भरून आली होती, पण मन...! साधा खोकला आला, तरी छाती फाटेल म्हणून तो उशी कवटाळी. खाटेवरून उतरायलाही धजत नसे. त्याची बायको शिफ्टला गेली, की घरात ही दोघंच. पिंपरीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी सोजरबाईला सांगितलं होतं, "आता मनाला उभारी हवी. रोज त्यांच्याशी एखादी चांगली आठवण बोला. धीर आला, की चालतील."

म्हणून ती त्याच्या लहानपणीची गंमत सांगत हसली होती... आणि त्यानं असा घाव घातला! ज्या पोरक्या दिराला वाढवण्यासाठी, भर तारुण्यात वैधव्य येऊनही, तिनं दुसरं लग्न केलं नाही, त्यानंच!

"पेज निवतीय रं," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून हमसू लागली. तिचा नवरा असाच छातीवर हात दाबत याच घरात, तिच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. आता हाही गेला तर? देवा, हाही...!

पाठीमागे पावलं घासत आली. तिनं दचकून पाहिलं. घामानं निथळणारा नवनाथ भिंतीला धरून दारात उभा होता!

"आरं, पडशील! कशाला उठलास?"

"तुझं रडणं ऐकलं..." तो धाप टाकत म्हणाला. "वहिनी, तुला बी भ्या वाटतं?"

"लई वाटतं रं! तू झोपलास, की नाकाशी हात धरून बघते मी. तुझ्या दादावानी तू बी..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

"मला वाटलं, या घरात भ्यालेला मी एकलाच हाय." त्याचे डोळे वाहू लागले. "आईची माया दिलीस तू... अन् मी काय बोललो! माफ कर मला."

"गप, दम लागंल. चल, खाटेवर टेक."

"न्हाई... अंगणात ने."

तिनं त्याचा दंड घट्ट धरला. उंबऱ्याशी दोघांचेही पाय अडखळले.

"थांबायचं का?" तिनं भीत भीत विचारलं.

"थांबू नगंस," तो म्हणाला, "फकस्त सोडू नगंस."