एजेच्या कानातले डूल

गाडी दुकानात शिरली तीच बडबडत. काच खाली झाली, आतून एक बाई जपानीत काहीतरी गोड गोड बोलली, आणि मग नुसती खरखर.

“या बाईंना गप्प करता येईल का?” चालवणारा म्हणाला. “वर्ष झालं. गाडी सुरू केली की बोलतात. एक अक्षर कळत नाही. मी आपला ‘बरं’ म्हणतो.”

“मग सुखाचा संसार चाललाय की. मोडताय कशाला?”

तो हसला. मी खाली वाकून पक्कड शोधायला लागले, कारण मेलं ते हसणं बघतच राहावं असं होतं.

बिश्केकजवळच्या आमच्या तोकमोक शहरात निम्म्या गाड्या जपानात वापरून झाल्यावर येतात. त्यांच्या टेपवर इथलं एक स्टेशन लागेल तर शपथ, म्हणून आमच्या दुकानाला मरण नाही. बाबांची कंबर गेल्यापासून पाना माझ्या हातात. माझी एजे, म्हणजे थोरली बहीण सालतनात, काउंटरवर बसते, सीटकव्हरं विकते, गिऱ्हाइकाला चहा देते आणि मी जे काही बोलून बसते त्याची माफी मागते.

“मिस्त्री कुठायत?” त्याने विचारलं.

“समोर उभ्या आहेत.”

“तुम्ही?”

“नाही, माझी सावली. उतरा खाली.”

“बेर्मेत,” एजे काउंटरवरून पुटपुटली, “जरा नीट बोल.”

माझं नाव त्याला तिथून कळलं. त्याचं एर्मेक.

मी डॅशबोर्डची पट्टी अलगद उचकटली, स्क्रू काढले, गाडीबरोबर आलेला टेप बाहेर ओढला. मागे वायरींचा हा गुंता. तो खिडकीत कोपर टेकून बघत होता — वायरींकडे नव्हे.

“बाईंना जपून ठेवा हं. एवढं वर्ष सोबत केलीय.”

“घरी न्या. चहाला बसवा.”

“चहाला... मला कळेल असं बोलणारी बसवायचीय.”

माझ्या हातातला स्क्रू पडला, तो नेमका सीटखाली.

नवा सेट बसला, पडदा उजळला, चारी दारांतून गाणं घुमलं. एर्मेकने डोळे मिटून घेतले. मीही ऐकत उभी राहिले, आणि एजेने मला दोनदा हाक मारली तरी मला ती ऐकू आली नाही.

आठवडाभरात स्वारी परत हजर. “डावं दार खडखडतंय.”

मी दाराचं पॅनेल काढलं. स्पीकरच्या मागे एक कुरुत पडलेला. वाळवलेल्या दह्याचा तो खारट गोळा, दगडासारखा टणक, आमच्याकडे ज्याच्या त्याच्या खिशात असतो.

“हा दारात कसा गेला?”

“चालत गेला असेल.”

“आणि स्पीकरची जाळी काढून आत बसला?”

“बाहेर थंडी होती.”

मी तो गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. “खा.”

“धूळ लागलीय त्याला...”

“खा म्हणते ना.”

त्याने खाल्ला. खरंच खाल्ला, माझ्याकडे बघत, सावकाश. बाहेर बर्फ वितळत होतं, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना ‘तू’ म्हणायला लागलो.

त्या वसंतात दार काही दुरुस्त झालं नाही. “आला बघ तुझा खडखड्या,” एजे चिडवायची. चिडवताना हसायची, पण स्कार्फ कानांवर ओढून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कांत गावातल्या एका घरच्या बायका येऊन तिच्या कानांत डूल घालून गेल्या होत्या. आमच्याकडे डूल घातले की मुलगी ठरली. मग ती माणसं फिरली, डूल परत मागवले, कारणही सांगितलं नाही. लोकांनी खोट तिच्यातच शोधली.

एर्मेकने आमची गोष्ट त्याच्या वहिनीजवळ काढली. असलं आईच्या तोंडावर कुणी बोलत नाही. वहिनीने सासूला सांगितलं, “काचिबेकच्या दुकानातली मुलगी.” काचिबेक म्हणजे आमचे बाबा. सासूबाई, म्हणजे एर्मेकची आई, गुपचूप बघून गेल्या. सीटकव्हर घेतलं, काउंटरवरच्या शांत, स्कार्फ बांधलेल्या मुलीच्या हातचा चहा घेतला. गाडीच्या दारातून बाहेर आलेले माझे बूट त्यांना दिसलेच असतील. मिस्त्री म्हणजे पोरगाच असणार, नाही का? हे सगळं मला मागाहून कळलं.

रविवारी एजे घरी होती आणि दुकानात मी एकटीच. एर्मेक सीटखाली अॅम्प्लिफायर बसवून घ्यायला आला. काम अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, “बेर्मेत... आज माझी आई तुमच्याकडे गेलीय. वहिनी, मावशी, सगळ्याजणी.”

“आज? आणि हे आत्ता सांगतोस?”

“आधी सांगितलं असतं तर तू वायर उलटी जोडली असतीस.”

“हात बघ माझे. काळे ठिक्कर.”

“मला हेच पसंत आहेत.”

आणि त्याने हात धरला. पहिल्यांदाच. मी तो सोडवून घ्यायला हवा होता, तडक घरी पळायला हवं होतं. पण ‘एवढी एक वायर, मग निघतेच’ म्हणत बसून राहिले. वायर झाली तसं त्याने दार लावून घेतलं, मी आवाज वाढवला, समोरची काच थरथरायला लागली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझ्याइतकं सुखी कुणी नाही.

घरी पोचले तोवर पाहुण्या निघून गेल्या होत्या. खाण्याचं कापड, दस्तरखान, तसाच मांडलेला, आई रडत हसत होती. शेजारी एजे उभी, आणि तिच्या कानांत सोन्याचे डूल.

“एर्मेकची आई आली होती,” आई म्हणाली. “आपल्या सालतनातसाठी. अल्लाने ऐकलं गं एकदाचं.”

एजे भांडी उचलून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले आणि दार लावलं.

“तो कुणासाठी येतो, तुला ठाऊक आहे एजे.”

“आहे.”

“मग?”

ती भांडं घासत राहिली. “त्या बाईंनी माझी हनुवटी वर केली. म्हणाल्या, किती शांत पोर आहे. मी सांगणार होते... मी नव्हे, माझी बहीण. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आईचं रडू ऐकू आलं, आणि माझा शब्दच फुटला नाही.” मग माझ्याकडे वळली. “काढ तू. तुझ्या हाताने काढ, मी हूं की चूं करणार नाही.”

मला तिला ओरबाडावंसं वाटलं. खरंच. हात पुढेही केला. तिच्या कानांची भोकं बुजली होती, डूल जोर लावून घातलेले. पाळ्या लालबुंद होऊन सुजल्या होत्या, आणि तरी ती हूं की चूं न करता उभी होती. माझ्याने हात लाववला नाही.

सकाळी दुकान उघडतेय तोच एर्मेक आला. चेहरा पांढराफटक.

“आत्ताच्या आत्ता आईला सांगतो. चूक झाली म्हणून.”

“आणि गल्लीने काय म्हणायचं? सालतनातला बघायला कुणी आलंच नव्हतं, चुकून डूल पडले तिच्या पदरात?”

“मग काय तिच्याशी लग्न करू?”

“नको. तिचंही वाटोळं, तुझंही.” रात्रभर घोकलेलं वाक्य मी काढलं. “सांग... बिश्केकमध्ये माझं एकीशी जमलंय म्हणून. घरी लपवून ठेवलं होतं.”

“कोण आहे?”

“कुणी का असेना. मागच्या वेळी खोट तिच्यावर आली. या वेळी तुझी असू दे.”

“तुझे बाबा मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. तुझ्यासाठी आलो तरी.”

“माहीत आहे.”

“माहीत असून सांगतेस?”

“हो.”

“आणि आपलं काय, बेर्मेत?”

“माझ्यासाठी काल कुणी आलंच नव्हतं,” मी म्हटलं.

त्याने गाडीचं दार उघडलं, आत बसला. मग म्हणाला, “बरं.”

शब्दाला जागला. स्वतःच्या आईला रडवलं, थोरल्या भावाचा मार खाल्ला, पण तेच सांगितलं. बाबांनी त्या घराण्याचं नाव घरात काढायचं नाही म्हणून शपथ घातली. डूल परत गेले. पण या वेळी गल्लीतल्या बायका एजेला पोटाशी धरायला आल्या, लोणी-पाव घेऊन आल्या, एकीने तर भाच्याचं स्थळही सुचवलं. एजे कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हती.

परवा शेजारची रापिया मावशी दुकानात आली. एजेने तिच्यासाठी चहा ओतला.

“सुटलात गं पोरींनो,” मावशी म्हणाली. “असला लफंगा घरात आला असता तर? आणि काय गं बेर्मेत, रोज तर तुझ्या डोळ्यांसमोर असायचा. तुला नाही ओळखू आला?”

एजेच्या हातातली किटली थांबली.

“नाही ना ओळखू आला,” मी म्हटलं. “लफंगाच होता मेला.”

आणि समोरच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं. रडायला दुकानात तेवढीच जागा होती.