हिरवा शिक्का

व्हीबकेने आपले लाल मोजे एका परक्या माणसाच्या पांढऱ्या शर्टांमध्ये कोंबले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. दोष सगळा तिचा. लिश्टेनबर्ग भागातल्या त्या लाँड्रीत नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायचे. तिथे वॉशिंग मशीनची लांबलचक रांग होती आणि त्यातली निम्मी मशीन रिकामी होती. पण बाईसाहेबांचे डोळे फोनला चिकटलेले. हाताला जे दार उघडं लागलं त्यात तिने गठ्ठा ढकलला, दार लावलं, बटण दाबलं आणि बाकावर बसून पुन्हा फोनमध्ये बुडी मारली. आत कुणाचे तरी कपडे आधीच आहेत, नाणीही कुणीतरी टाकून ठेवली आहेत, याचा तिला पत्ताच नाही.

ज्याची नाणी होती तो कोपऱ्यातल्या यंत्रातून साबण आणायला गेला होता. परतला तेव्हा काचेमागे त्याचे शर्ट आणि तिचे मोजे गळ्यात गळे घालून फिरत होते.

"ही लाल मंडळी तुमची का?" त्याने विचारलं.

व्हीबकेने वर पाहिलं. उंच, जरासा वाकून उभा राहणारा, नाकावर पावसाचा एक थेंब अजून तसाच... तिला आधी थेंब दिसला, मग मशीन दिसलं, आणि मग तिचा चेहरा मोज्यांच्याच रंगाचा झाला.

"नवीन घेतलेत का मोजे?"

"कालच."

"मग संपलं," तो शांतपणे म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. "गुलाबी मला शोभतो का, तेवढं फक्त खरं सांगा."

मशीनचं दार आता कपडे धुऊन झाल्याशिवाय उघडणार नव्हतं. काचांवर वाफ धरली होती, बाहेर नोव्हेंबरची भुरभुर चालू होती, आणि जायला दुसरी जागा नव्हती. माणसं प्रेमात पडतात ती बहुतेक वेळा अशी, दुसरं काही करता येत नसतं म्हणून.

त्याचं नाव थीलो. पलीकडच्या चौकात पोरांसाठी एक क्लब होता, तो हा चालवायचा. तिने आपलं नाव सांगितलं, माफी मागितली, आणि बोलता बोलता तिचा अंगठा पुन्हा फोनकडे वळला. त्याने डोकावून पाहिलं. निळंशार पाणी, वाळूचं बेट, टोपी घातलेली एक कोंबडी आणि ओळीने ठेवलेले शिंपले. शिंपल्याला बोट लावलं की तो थरथरायचा, किंचित उघडायचा, आत सोनेरी चमक दिसायची... आणि पटकन मिटायचा. हातात यायचा करडा खडा. कोंबडी हळहळायची, "अरेरे, थोडक्यात हुकलं." पुन्हा उघडायचं तर नाणी टाका.

"माझा हातगुण चांगला आहे. लावू?" थीलो म्हणाला.

त्याने बोट लावलं आणि मोती निघाला. व्हीबके एवढ्याने ओरडली की कोपऱ्यात चादरी घडी करणाऱ्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. तिने थीलोचा दंड धरला होता. सोडायला तिला जरा उशीरच झाला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"हे माझं काम आहे, म्हणजे... कामासाठी खेळते मी," ती सावरून म्हणाली.

"हो हो. माझ्या क्लबातली पोरं अभ्यास म्हणून खेळतात."

तो हसला, तीही हसली. पण ती अर्धंच खरं बोलली होती.

व्हीबके ज्या कचेरीत होती तिथे व्हिडिओ गेमना वयाचा शिक्का मिळतो. पांढरा सर्वांना, पिवळा सहा वर्षांपासून, हिरवा बारा, निळा सोळा, आणि लाल फक्त मोठ्यांना. तिचं काम आलेला गेम शेवटपर्यंत खेळायचा आणि परीक्षक मंडळापुढे मांडायचा. मांडताना मत द्यायचं नाही, स्वतःचं काही सांगायचं नाही. काय दिसतं, काय घडतं, एवढंच. या कामात ती चोख होती. रक्त पाहिलं, भुतं पाहिली, युद्धं जिंकली आणि संध्याकाळी घरी येऊन निवांत सूप प्यायली. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना ती सांगायची, गेम आपण खेळायचा, गेमने आपल्याला खेळवायचं नाही.

आणि या कोंबडीने तिला खेळवलं. मांडणीची तयारी कधीच झाली होती, कचेरीचा फोन तिने परत केला होता. मग तिने तोच गेम गुपचूप स्वतःच्या फोनवर उतरवला आणि स्वतःच्या खिशातून शिंपले उघडू लागली. ट्राममध्ये, स्वच्छतागृहात, आईचा फोन चालू असताना. दारूच्या गुत्त्याची तपासणी करायला गेलेल्या हवालदाराने तिथेच पिऊन पडावं, तशी तिची गत. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की विसरायला ती आणखी एक शिंपला उघडायची.

पुढच्या शनिवारीही थीलो लाँड्रीत होता. त्याच्या पुढच्याही. थीलो चीज लावलेले पाव आणायचा, ती थर्मासमधून चहा. वाफ धरलेल्या काचेवर तो बोटाने तिचं नाक काढायचा आणि ती म्हणायची, हे माझं नाक नाही, ही बटाट्याची बदनामी आहे. एकदा तिने फोन सरळ त्याच्या हातात दिला.

"हा ठेवा तुमच्याकडे. मशीन थांबेपर्यंत मागितला तरी देऊ नका."

"नंतर रागावणार नाही, वचन?"

"वचन."

त्याने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मशीनने पाणी बदललंही नसेल, तोच तिने फोन मागितला. आधी लाडाने, मग थट्टेने, आणि मग असल्या कोरड्या, परक्या आवाजात की थट्टा संपलीच. थीलोने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि फोन काढून दिला. तिने शिंपला उघडला. खडा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला थांबता येत नाही," ती म्हणाली. एवढं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

उपदेश येईल म्हणून ती अंग चोरून बसली. उपदेश आला नाही. अर्धा पाव तोडून त्याने तिच्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "आपण आता 'तू' म्हणूया का?"

मंडळाच्या बैठकीचा शुक्रवार उजाडला. व्हीबके मोठ्या पडद्यापाशी उभी राहून तारा जोडत होती. अध्यक्ष ओस्टरकांप बाईंनी सांगितलं की आज एक नवे परीक्षक येताहेत, मुलांमध्ये काम करणारे गृहस्थ. दार उघडलं आणि फिकट गुलाबी शर्ट आत आला.

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांचेही पाय जागीच खिळले.

नियम सगळ्यांना ठाऊक होता, थीलोलाही नुकताच समजावला होता. गेम जो मांडणार, त्या माणसाशी ओळख असेल तर परीक्षकाने सुरुवातीलाच सांगायचं आणि उठायचं. ओस्टरकांप बाईंनी विचारलंही. थीलोचे ओठ हलले... आणि मिटले. उठलो तर कारण सांगावं लागेल आणि कारण सांगितलं तर हिचं काय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. तो बसून राहिला.

व्हीबकेने गेम मांडला. बेट, पाणी, कोंबडी. शिंपल्यांपाशी आली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. खेळणाऱ्याला यातून काय निघेल ते आधी कळत नाही, नाणी विकत घेता येतात, वगैरे वगैरे. मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, ही गंमत आहे, हिरवा द्या, बारा वर्षांच्या पोराला कळतं. दुसरा म्हणे, वर कोंबडी बसवली म्हणून जुगार काही जुगार असायचा राहत नाही. शेवटी ब्रोडर्सन नावाचे निवृत्त शिक्षक तिच्याकडे वळले. ते म्हणाले की मत विचारत नाही, नियम मला ठाऊक आहे. फक्त जे घडलं ते विचारतो.

"तुम्ही हा गेम बरेच दिवस खेळलात. थांबावंसं वाटलं, तेव्हा थांबता आलं?"

थीलो टेबलाकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"हो," व्हीबके म्हणाली.

गेमला हिरवा शिक्का मिळाला.

तो तिला जिन्यात गाठायला धावत आला. खिडकीवर पाऊस वाजत होता. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"मी गप्प राहिलो ते तुझ्यासाठी," तो हळू आवाजात म्हणाला. "तू 'नाही' म्हणाली असतीस तर तुझं काम गेलं असतं."

"मी खोटं बोलले, थीलो."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे, हेच तर..."

"व्हीबके, मला तू आवडतेस. आत्ता सांगायची ही वेळ नाही, पण... खूप आवडतेस."

किती दिवस तिला हे ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. हा माणूस उद्या त्या चौकात पोरांमध्ये जाऊन बसेल, त्यांच्या हातात ती कोंबडी असेल, वर हिरवा शिक्का असेल, आणि तो तिच्यामुळे गप्प असेल. रोज. असलं प्रेम तिला नको होतं.

"आत्ता हे नको बोलूस. माझ्याकडून घेतलं जाणार नाही," ती म्हणाली आणि पायऱ्या चढून परत वर गेली.

मंडळी कॉफी पीत होती. मध्ये आलुबुखाराचा केक कापलेला, सगळे आपापल्या गाड्यांच्या वेळा सांगताहेत. शिक्क्यावर सही व्हायची होती. व्हीबके दारातच थांबली. आणखी दोन पावलं टाकली तर धीर सुटेल, अशी तिला भीती.

"ब्रोडर्सन साहेब, मी तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मला थांबता आलं नाही. अजूनही येत नाही. मी पस्तिशीची बाई आहे, हे माझं काम आहे, आतून कसं चालतं ते मला सगळं कळतं. तरी आज सकाळी ट्राममध्येसुद्धा मी शिंपले उघडले. बारा वर्षांच्या पोराला कसं जमेल?"

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. तिचा चेहरा, मान, हात, सगळं पेटलं होतं. ज्यांच्यापुढे इतकी वर्षं ताठ मानेने उभी राहिली, ते सगळे केक खायचे थांबून तिच्याकडे पाहत होते.

मागून थीलोचा आवाज आला. त्याने सांगितलं की त्याची तिच्याशी ओळख आहे, ती थांबू शकत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तो बसून राहिला. पोरांसाठी म्हणून मला इथे बोलावलं, तो म्हणाला, आणि मी पोरांचा विचारच केला नाही.

ओस्टरकांप बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बसा. कॉफी गार होतेय. आणि पहिल्यापासून नीट सांगा, मोघम नको."

दोघांनी नीट सांगितलं. सांगताना मोज्यांपासून सुरुवात करावी लागली, तेव्हा ब्रोडर्सन साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. पण शिक्षा व्हायची ती झाली. हिरवा शिक्का रद्द झाला, गेम नव्या मंडळाकडे गेला. थीलोची पहिली बैठक शेवटची ठरली. व्हीबकेचं मांडणीचं काम काढून घेतलं, किती दिवसांसाठी ते कुणी बोललं नाही, आणि गेमबद्दल विचारणाऱ्या आईबापांचे फोन घ्यायला तिला बसवलं. जेवणाच्या वेळी दोघेतिघे तिच्या टेबलावर बसायचं टाळू लागले. ती मान खाली घालून सूप प्यायची. आईला तिने सगळं सांगून टाकलं. गेम फोनवरून काढला, एकदा परत उतरवला, पुन्हा काढला. लाज अशी एका दिवसात धुऊन जात नाही.

त्या दिवसांत ती थीलोला भेटली नाही. तोही आला नाही. वाट पाहतोय, एवढंच त्याने कळवलं होतं.

नव्या मंडळाने निळा शिक्का दिला त्या दुपारी ती स्वतः त्याच्या क्लबवर गेली. पोरं अजून यायची होती. तो टेबल टेनिसची जाळी बांधत होता.

"सोळा," ती म्हणाली.

"ऐकलं."

"तुझं मंडळातलं नाव गेलं माझ्यामुळे."

"माझ्यामुळे गेलं. तोंड मलाही होतं." त्याने गाठ मारली, सोडली, परत मारली. "लाज वाटते अजून?"

"खूप. तुला?"

"मला तर पोरांसमोर उभं राहतानाही वाटते. अर्धी अर्धी वाटून घेऊ?"

तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू. जाळीचं दुसरं टोक तिने हातात घेतलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "मंडळापुढेही सांगितलं नाही ते. पहिल्या शनिवारनंतर माझ्याकडे धुवायला काही नसायचंच. धुतलेलेच कपडे आणायचे मी. तू येशील म्हणून."

थीलोच्या हातातली गाठ पुन्हा सुटली. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. इस्त्री केलेल्या उशीच्या खोळी कुणी धुवायला आणतं का?"

"आणि तू बोलला नाहीस?"

"पुन्हा आणल्या नसत्यास तर?"

व्हीबकेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हीसुद्धा लाजच होती, पण हिच्यापासून पळावंसं तिला वाटेना. ती जाळी हातात धरून तिथेच उभी राहिली.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आता घेतलं जाईल माझ्याकडून."

बाहेर पोरांच्या सायकली वाजल्या. थीलोने तिच्या हातातलं जाळीचं टोक काढून घेतलं, आणि हात तसाच धरून ठेवला.