रानदवण्याची जुडी

ऑरीकाकाने कोटाच्या काजात रानदवण्याची काडी नाही, चांगली जुडीच खोचली होती.

"काका, दुपारचं जेवण बरोबर आणलंस वाटतं?" आलिश म्हणाली.

आई हसली. काका हसला नाही.

पाच जुलै. आयल ऑफ मॅनवर या दिवशी सगळेच रानदवणा लावतात. नको ते जवळ येत नाही म्हणे. ऊन छान पडलं होतं. चर्चपासून टेकडीपर्यंत वाटेवर लव्हाळे अंथरले होते आणि टेकडीच्या पायऱ्यांवर संसदेची मंडळी आपापले विग सांभाळत बसली होती. सभागृहात कायदा कितीही मंजूर होवो, इथे इंग्रजीत आणि बेटाच्या जुन्या मँक्स भाषेत मोठ्याने वाचला नाही तर तो बाद.

आजचा कायदा समुद्रात बेपत्ता झालेल्यांचा होता. वर्षभर सापडला नाही तर माणूस मेला असं धरायचं. चौकशी नको, काही नको.

आलिशचे बाबा दोन वर्षांपूर्वी ऑरीकाकाबरोबर बोटीवर गेले. काका एकटाच परतला. लाटेने नेलं म्हणाला, पण कुठली लाट, कधी, हे दर वेळी वेगळंच सांगायचा. आणि या विधेयकाचा मात्र त्याला केवढा पुळका! पहिलं वाचन झालं, स्वारी केक घेऊन हजर. एकेक कलम मंजूर होऊ लागलं, तसा तो आईच्या शेजारच्या खुर्चीत सरकला. तिसरं वाचन झालं, राजाची संमती आली, आणि परवा त्याने आईसमोर खिशातून अंगठी काढली.

आज बाबा कायद्याने मरणार होते. त्यांच्याबरोबर चौकशीसुद्धा.

इंग्रजी वाचन संपलं. मग मँक्स.

"झालं एकदाचं," काका पुटपुटला.

आता गाऱ्हाण्यांची वेळ. ज्याची तक्रार असेल त्याने टेकडीच्या पायथ्याशी यावं, ही इथली जुनी रीत. एक आजी बसच्या वेळांवरून तावातावाने भांडून गेल्या. त्यांच्यामागून पिवळ्या रेनकोटातला एक माणूस आला.

एवढ्या उन्हात रेनकोट?

तो पाठमोरा उभा होता. डावा खांदा जरा पडलेला. आलिशला तो खांदा पाठ होता.

कारकुनाने कागदासाठी हात पुढे केला. कागद मिळाला नाही. त्याने स्वतःचा ओला झालेला तळवा पाहिला आणि अंगरख्याला पुसला.

रेनकोटवाला वळला. टोपी नाकापर्यंत ओढलेली. गर्दीत तो एकेकाच्या छातीशी थांबे, वास घेतल्यासारखा, आणि पुढे सरके. लोक बाजूला होत होते. बघत मात्र कुणीच नव्हतं.

काकाने जुडीवर हात दाबला.

आलिशने स्वतःची काडी मुठीत लपवली. "काका, माझी पडली रे. एक दे ना."

"नाही."

"एवढी तर आहे!"

"नाही म्हटलं ना, कार्टे!"

खाऱ्या पाण्याचा वास आला.

आलिशने जुडीच उपटली.

तेवढ्यात राजाच्या नावाचा जयघोष उठला. टोप्या हवेत गेल्या. खाली आल्या.

"अगं, ऑरी कुठे गेला?" आई म्हणाली.

लव्हाळ्यांवर ओल्या पावलांच्या दोन रांगा होत्या, शेजारी शेजारी, समुद्राच्या रस्त्याला लागलेल्या.

"वर्षभर वाट बघू, आई," आलिश म्हणाली. "चौकशी कशाला? आता कायदाच आहे."